पहिली ओळ मोकळी

शनिवार, ८ नोव्हेंबर

कान्हाची शेड जाणार. एकतीस जानेवारीपर्यंत जागा मोकळी करून द्या, असं रिसॉर्टच्या मालकांनी त्याला सांगितलंय. मी नेहमीसारखा दुपारच्या एसटीने टोकावड्याला उतरलो, बाकावर बसलो, पहिला घोट घेतला आणि तेव्हाच त्याने हे सांगितलं. पुढची बिअर कशी लागली ते आठवत नाही.

रिसॉर्टच्या मागच्या शेडमध्ये कान्हा आठ वर्षं बिअर बनवतो. सगळे परवाने भिंतीवर टांगलेले, पिंप आरशासारखं लख्ख. त्याची बिअर नाचणीची. बाळाच्या सत्त्वासाठी बायका करतात तेच सगळं त्याची आई बाईजा घरी करते. नाचणी भिजवायची, ओल्या फडक्यात बांधायची, मोड आले की सावलीत वाळवायची. फरक इतकाच की पुढे ती दळून बाळाच्या वाटीत न जाता कान्हाच्या पिंपात जाते. गावातल्या बायका सुरुवातीला बाईजाला खूप बोलल्या होत्या.

आता एका मोठ्या कंपनीने नाचणीची बिअर काढली आहे. रिसॉर्टला त्यांचे फ्रीज, त्यांच्या खुर्च्या, त्यांचा बोर्ड मिळणार. अट एकच, दुसरी कुठलीही बिअर तिथे दिसता कामा नये. मालक हो म्हणून बसले. कान्हाने मला कंपनीची बाटली दाखवली. पुढे नाचणीचं भलंमोठं कणीस आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई. मागे मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, नाचणीचा अर्क अर्धा टक्का. आमच्या वरणात हिंगसुद्धा याहून जास्त पडतो.

कान्हा माझा विद्यार्थी. दहावीच्या सराव परीक्षेत पोराने विज्ञानाचा पेपर अख्खा बरोबर सोडवला आणि वर नाव लिहायला विसरला. अक्षर मी ओळखलं होतं, तरी शून्य दिला. बिननावाचा पेपर मी तपासत नाही, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तो समोर येऊन रडला, म्हणाला, "सर, विसरलो." मी म्हटलं, आता आयुष्यात विसरणार नाहीस. आणि खरंच विसरला नाही. आज त्याच्या प्रत्येक बाटलीवर त्याच्या हातचं असतं, कान्हा, टोकावडे, आणि खाली भरल्याची तारीख. मला याचा फार अभिमान आहे. सांगता मात्र कोणाला येत नाही, कारण ती बाटली मी कुठे पाहिली हेही सांगावं लागेल.

रविवार, ९ नोव्हेंबर

ही वही मी प्रयोगशाळेच्या कपाटात ॲसिडच्या बाटल्यांमागे ठेवतो. कालचं लिहायला आज सुट्टीच्या दिवशी शाळेत आलो; तारीख मात्र ज्या दिवशी घडलं त्या दिवसाचीच घालतो. रंजनाला सांगितलं, पेपर तपासायचे आहेत.

रंजना, माझी बायको, साधी बाई आहे. शनिवारी मी मुरबाडला शिक्षक संघाच्या बैठकीला जातो असं तिला वाटतं. आठ वर्षं दर शनिवारी बैठक असते याचंही तिला नवल वाटत नाही. बाकी मात्र व्यवस्थित. शनिवारच्या शर्टाच्या खिशात बडीशेपेची पुडी न चुकता असते. मी स्वतः ठेवायला विसरलो तरी असते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज संगीताताई टोकावड्याला येऊन गेल्या. ठाण्याच्या एका ग्राहक मंचाचं काम करतात. मीच त्यांना फोन केला होता. शेडमध्ये फिरल्या, पिंपात डोकावल्या, ग्लासवरची मापाची रेघ पाहून खूश झाल्या. कान्हाच्या ग्लासवर रेघ आहे आणि बिअर रेघेपर्यंत असते, फेस तिच्या वर. पलीकडे रिसॉर्टच्या बारमध्ये अर्धा ग्लास फेस देतात आणि आपण तो मुकाट्याने पितो.

ताई म्हणाल्या, तेलवाले येतात, गॅसवाले येतात, बियाण्याची फसवणूक झालेले येतात. बिअर पिणारा आजवर एकही आमच्याकडे आलेला नाही. त्याला कमी मापाचं मिळतं, उन्हात ठेवलेलं मिळतं, नाचणी सांगून साखर मिळते, पण तो तक्रार करत नाही. तक्रारीवर नाव लिहावं लागतं ना.

त्यांनी मार्ग सांगितला. इथल्या पंचवीस पिणाऱ्यांनी एकतीस डिसेंबरपर्यंत सभासद व्हायचं. नाव, पत्ता, व्यवसाय, सही. मग मंचाची शाखा होते आणि शाखेच्या नावाने कंपनीच्या लेबलवर तक्रार करता येते. रिसॉर्टलाही सांगता येतं की गिऱ्हाइकाला निवड हवी आहे, पंचवीस जण नावानिशी मागतायत. मालक ऐकतील असं त्यांना वाटतं. शनिवार-रविवारचा धंदा आमच्यासारख्यांवरच आहे.

पंचवीस म्हणजे काहीच नाही. नुसत्या शनिवारी पन्नास माणसं असतात. खूप दिवसांनी आज येताना एसटीत शीळ घालावीशी वाटली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पत्रक लिहून काढलं. चांगलं जमलंय. त्यातलं थोडं इथे उतरवून ठेवतो.

"दुधात पाणी निघालं तर आपण दूधवाल्याला दारात उभं करतो. तांदळात खडे निघाले तर पोतं परत नेऊन टाकतो. बिअर मात्र आपण मान खाली घालून पितो आणि मान खाली घालणाऱ्याला कोणीही काहीही पाजतं. आपण दारुडे नाही, ग्राहक आहोत. माप पुरं मागा, तारीख मागा, आत काय आहे ते विचारा. आपल्या मातीतलं धान्य, आपल्या माणसाने, आपलं नाव लिहून दिलेलं आहे. ते टिकवायचं तर आपणही नाव लिहायला शिकलं पाहिजे."

खाली लिहिलं, एक ग्राहक.

शनिवार, २२ नोव्हेंबर

छापील फॉर्म आला. पंचवीस ओळी. पहिली सही शीतलने केली. आसनगावची मुलगी, रोज लोकलने अंधेरीला नोकरीला जाते, शनिवारी मित्रमैत्रिणींबरोबर इथे येते. तिच्या घरी लग्नाचं चाललंय, महिन्याभरात साखरपुडा आहे. मी पत्रक वाचून दाखवत होतो, निम्म्यातच तिने पेन काढलं. दुसऱ्या ओळीवर लिहिलं आणि म्हणाली, पहिली तुमची ना, सर? मी म्हटलं, बघू, कोणी मानाचा माणूस मिळतोय का. पहिल्या ओळीवर वजनदार नाव असलं की बाकीचे धीर करतात.

तिसरी ओळ यमाजीची. एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, तीस वर्षं माळशेज घाट चढला-उतरला. गाडीवर असताना कधी शिवला नाही, आता आठवड्याला एक ग्लास घेतो. म्हणाला, "लिवा. मी काय चोरून पितो का? घरात पन ठावं हाय." अक्षर वाकडंतिकडं, पण पूर्ण नाव लिहिलं, वाडीसकट.

बाकीच्यांनी पत्रकाची तारीफ केली. पुढच्या शनिवारी सही नक्की.

शनिवार, २९ नोव्हेंबर

एकही सही नाही. एकाचा मेहुणा पोलिसात आहे. दुसऱ्याच्या बायकोने नवस बोललाय. मनोज बँकेत आहे, तो म्हणाला, "सर, मनाने मी तुमच्याबरोबर हाय. कागदावर नको." वकिलांनी फॉर्म भिंगाखाली धरावा तसा वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि परत दिला. तोंडात कान्हाची बिअर, वर "पोरगं गुणी हाय" असं प्रमाणपत्र, आणि पेन पुढे केलं की प्रत्येकाला फोन येतो. मला त्यांचा इतका राग आला की मी मधेच उठून बाहेर गेलो. एवढे भित्रे आपण कधी झालो?

माझी गोष्ट वेगळी आहे. मी संयोजक. संयोजकाने आपलंच नाव वर घालणं बरं दिसत नाही. शिवाय शाळेच्या व्यसनमुक्ती समितीचा मी प्रमुख आहे आणि मेमध्ये मुख्याध्यापक निवृत्त होतायत. त्यांच्या जागी नंबर माझा. मी आतून जेवढं काम करू शकतो तेवढं नाव देऊन करू शकणार नाही. कान्हाला हे समजतं. तो मला एका शब्दाने विचारत नाही.

सोमवार, १ डिसेंबर

एक युक्ती सुचली. फॉर्मचा फोटो काढून आमच्या शनिवारच्या मंडळींच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "एका मुलीने आणि एका वयस्कर माणसाने धाडस दाखवलं आहे. आपण प्रेरणा घ्यावी." चोवीस अंगठे आले. अंगठ्याऐवजी सह्या आल्या असत्या तर काम आजच झालं असतं.

शनिवार, ६ डिसेंबर

फार वाईट झालं. तो फोटो कोणीतरी ग्रुपबाहेर पाठवला. तिथून तो फिरत फिरत शीतलच्या होणाऱ्या सासरी पोचला. मुलगी बिअर पिते, आणि नुसती पीत नाही तर सही करून पिते, असं तिकडे म्हणतायत. ठरलेला साखरपुडा मोडला. मुलाने स्वतः फोनसुद्धा केला नाही, मामाकडून निरोप आला.

शीतल आज आली होती. मी म्हटलं, हवं तर तुझं नाव खोडून टाकतो, मंचाला सांगतो चूक झाली. तिने फॉर्म आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "नको सर. नाव खोडलं तर मी खरंच काहीतरी वाईट केलं असं होईल." तिने आपल्या ऑफिसमधल्या भाविकला बरोबर आणलं होतं. त्याने चौथ्या ओळीवर सही केली. तोही आसनगावचाच.

निघताना तिने विचारलं, तो फोटो पुढे कोणी पाठवला ते कळलं का. मी म्हटलं, नाही, माणसं फार हलकट असतात. ती माझ्याकडे बघून हसली. ते हसणं दिवसभर डोक्यातून जात नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

बाईजा शेडवर आली होती. डोक्यावर वाळवलेल्या मोडांचं गाठोडं. यंदाची नाचणी चांगली आली आहे. मोड मुठीत घेऊन तिने वास घेतला, मग माझ्या नाकासमोर धरला. मोड तांदळाएवढे झाले की थांबायचं, नाहीतर गोडवा जातो. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, सगळं नाकावर. कान्हाने शिकलेलं सगळं शास्त्र शेवटी आईच्या नाकाला विचारून चालतं.

तिने फॉर्म मागितला. वाचता येत नाही, पण बोट फिरवत ओळी मोजल्या. म्हणाली, "मी ह्यातला थेंब चाखला नाय कधी. पन आत काय हाय ता मला ठावं हाय. माजा अंगठा चालल का, सर?"

मी समजावलं की नियमाने पिणाऱ्याचीच सही लागते. तिने मान डोलावली. मग वरच्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोणाची? मी म्हटलं, शनिवारी इथे येणाऱ्या डॉक्टरसाहेबांसाठी ठेवली आहे. ती गाठोडं उचलून आत गेली.

खरं म्हणजे डॉक्टरसाहेबांनी मागच्याच शनिवारी नाही म्हणून सांगितलं होतं.

शनिवार, २७ डिसेंबर

चार दिवस राहिले. सह्या तीन. कान्हा म्हणाला, आता तुमी धावपळ करू नका, सर, मीच बुधवारी ठाण्याला जाऊन ताईंना कागद देतो. जेवढे झाले तेवढे. मी फॉर्म प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून त्याच्या हाती दिला. त्याने तो उघडून पाहिला. एकदाच वर पाहिलं, मग बंद केला.

मी म्हटलं, तीन सच्ची माणसं तीनशेंना भारी असतात. असलं काहीतरी वर्गात बोलायची सवय आहे मला.

बुधवार, ३१ डिसेंबर

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

दर वर्षी एकतीस डिसेंबरला आमची शाळा किन्हवलीच्या स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मसाला दूध वाटते. दारू सोडा, दूध घ्या. मुलांच्या हातात फलक, संस्थेचे अध्यक्ष खुर्चीवर, पातेल्याशी मी. समितीचा प्रमुख म्हणून पहिला ग्लास द्यायचा मान माझा असतो. दुपारी बाराच्या सुमाराला सरळगावकडून एसटी आली. शहापूरला जाणारी गाडी इथे दहा मिनिटं थांबते. लोक उतरून रांगेत लागले. मी मान खाली घालून ग्लास भरत होतो. एक हात पुढे आला, त्याच्या काखेत प्लास्टिकचा फोल्डर. फोल्डरला पेन अडकवलेलं होतं.

कान्हा.

त्याने माझ्या हातून ग्लास घेतला आणि बाजूला उभा राहून सावकाश दूध प्यायला. पिताना माझ्याकडेच बघत होता. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला माहीत होतं तो कशासाठी उतरलाय, आणि त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. फोल्डर उघडायला दोन सेकंद लागले असते, सही करायला तीन. अध्यक्ष चार हातांवर बसले होते. मागे नववीची मुलं माझ्याच लिहिलेल्या घोषणा देत होती.

त्याने ग्लास टबात ठेवला. तरी क्षणभर उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"येतो, सर."

मी रांगेला म्हटलं, पुढे सरका.

एसटी गेल्यावर अध्यक्षांनी विचारलं, तो कोण होता. मी म्हटलं, आमचा जुना विद्यार्थी. हुशार दिसतो, ते म्हणाले. मी म्हटलं, हो, फार. आणि पुढचा ग्लास भरताना दूध हातावर सांडलं.

शनिवार, ३ जानेवारी

संगीताताईंचा फोन आला. तीन नावांवर शाखा होत नाही. लेबलची तक्रार त्या मंचाच्या बाजूने करतील, पण त्याला वर्ष-दीड वर्ष जाईल, आणि रिसॉर्टला दाखवायला हातात काही नाही. त्यांनी मालकांशी फोनवर बोलून पाहिलं. मालक म्हणाले, बाई, मला इथे येणारे पन्नास जण दिसतात, तुमच्या कागदावर तीन आहेत, मी कोणाचं ऐकू?

मग ताईंनी विचारलं, "पहिली ओळ कोरी आहे. काही छपाईचा दोष होता का?"

मी म्हटलं, असेल.

आज टोकावड्याला गेलो नाही. रंजनाने विचारलं, बैठक नाही का. मी म्हटलं, संघात आता राम राहिला नाही.

मंगळवार, २० जानेवारी

संस्थेचं पत्र आलं. जूनपासून मुख्याध्यापक. सहकाऱ्यांनी हार घातला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी पेढे नेले. रंजनाने देवापुढे ठेवले, एक माझ्या हातावर ठेवला आणि माझं तोंड बघून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, दाढ दुखते आहे.

शनिवार, ३१ जानेवारी

शेवटचा दिवस म्हणून गेलो. जाऊ नये असं वाटत होतं, आणि न जाण्याइतका मी वाईट नाही असंही वाटत होतं.

पन्नासच्या पन्नास जण आले होते. मनोज, वकील, डॉक्टरसुद्धा. सगळे हळहळत होते. एवढं चांगलं चाललं होतं, कोणी काही केलं नाही, असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. यमाजी कोपऱ्यात बसला होता, त्याने ग्लास घेतला नाही. शीतल आली नव्हती. तिने आता पुण्याला बदली मागून घेतली आहे असं भाविक म्हणाला. घरात बोलणी फार झाली. मी ऐकलं आणि मान वळवली. तो फोटो मी टाकला होता. ग्रुपबाहेर कोणी पाठवला ते मला शोधायचं नव्हतं, कारण तो आत कोणी टाकला ते मला माहीत होतं. सुरुवात माझ्यापासून झाली, हे दोन महिने मी या वहीतही कबूल करू शकलो नाही.

कान्हा सगळ्यांना रेघेपर्यंत भरून देत होता. गर्दी कमी झाल्यावर माझ्याजवळ आला. मी विचारलं, आता काय करणार. त्याने सांगितलं, त्याच कंपनीच्या कारखान्यात नोकरी मिळाली आहे. त्यांना नाचणी कळणारा माणूस हवा होता. सोमवारी हजर व्हायचंय. आईला अजून सांगितलेलं नाही.

मग त्याने मला ताईंनी परत पाठवलेला फोल्डर दिला आणि एक बाटली. शेवटच्या पिंपातली शेवटची. मी सवयीने लेबल पाहिलं. कोरं होतं. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही.

म्हटलं, "कान्हा, नाव विसरलास रे."

"नाय सर," तो म्हणाला. "विसरलो नाय."

तो एवढंच बोलला आणि पिंप धुवायला आत गेला. मी एसटीत बसलो. सरळगावला गाडी बदलायची असते, तिथे उतरलोच नाही. मुरबाडपर्यंत पुढे गेलो आणि तिथून परत फिरलो. वाटेत डोळे पुसत होतो. शेजारच्या बाईने विचारलं, घरात कोणी गेलं का. मी हो म्हटलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज वही घरी आणली आहे. स्वयंपाकघरात बसून लिहितोय. रंजना समोर आहे.

सकाळी बाईजा आली होती. टोकावड्याहून दोन एसट्या बदलून, पहिल्यांदाच आमच्या दारात. मी दार उघडलं आणि मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलावंच तिने. तिने पिशवीतून एक डबा काढला. घरात मोडांचं शेवटचं गाठोडं पडून होतं, पिंप नाही तर करायचं काय, म्हणून दळून सत्त्व केलं. वाडीतल्या बाळांना वाटलं, उरलं ते सरांना आणलं. म्हणाली, "पोर जाताना बोलला, सरांना दे. सर थकल्यागत दिसतात." चहाला थांबली नाही. परतीची गाडी होती.

रंजनाने सत्त्वाची पेज केली, दूध-गूळ घालून. मी एक घोट घेतला. तोच वास. भाजलेल्या नाचणीचा, थोडा गोड, थोडा मातीचा. आठ वर्षं दर शनिवारी पहिल्या घोटाला यायचा तोच. वाटी ठेवली आणि मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, होऊ घातलेला मुख्याध्यापक, स्वयंपाकघरात बसून रडलो. रंजनाला सगळं सांगितलं. टोकावडे, शेड, बिअर, फॉर्म, शीतल, दूध, सगळं. सांगताना तिच्याकडे बघत नव्हतो.

माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, शनिवारी तुमच्या खिशात बडीशेप कोण घालायचं असं वाटलं तुम्हाला?"



तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शिक्षक संघाची बैठक तिमाहीला असते हे तिला शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं. दोन ग्लास पिऊन, एसटीने येऊन, हसत जेवायला बसणारा नवरा तिला चालत होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुम्हाला लपवायला आवडतं असं वाटलं. मग वाटी धुता धुता म्हणाली, "मला विचारलं असतंत तर पेन मीच दिलं असतं. अध्यक्षांचं मला माहीत नाही. पण माझ्यासाठी लपवत होता असं म्हणत असाल तर ते म्हणू नका."

तेच तर म्हणत आलो होतो. घरात कळेल म्हणून, शाळेत कळेल म्हणून. घरात कळलेलंच होतं. शाळेचं पद माझ्या खिशात आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. एका मुलीचं लग्न मोडलं. नाव लिहायला शिकवलेला मुलगा नाव न लिहिता निघून गेला. त्याला शून्य देताना मी क्षणभरही थांबलो नव्हतो.

फोल्डर काढला. दुसरी ओळ शीतल, तिसरी यमाजी, चौथी भाविक. खाली एकवीस ओळी मोकळ्या, आणि वर एक. रंजनाने पेन आणून ठेवलं. मी पहिल्या ओळीत लिहिलं. हरेश काळुराम विशे. मुक्काम किन्हवली, तालुका शहापूर. व्यवसाय, शिक्षक. सही केली. शेवटच्या रकान्यात तारीख मागितली होती, खरी होती तीच घातली, आठ फेब्रुवारी.

रंजनाने वाचून पाहिलं आणि म्हणाली, अक्षर छान आलंय.

फॉर्मच्या डोक्यावर जाड अक्षरात शेवटची तारीख छापलेली आहे, एकतीस डिसेंबर. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मुदतीनंतर आलेला पेपर मी कोणाचाही घेतलेला नाही.